हुकमावाचूनची मनाई

2014 सालच्या नोव्हेंबर महिन्यात, म्हणजे दिवाळी उलटून वऱ्हाडातील बाजार समित्यांच्या आवारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागू लागते त्या सुमारास, ‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’ या नावाचा एक व्हिडिओ गेम जगभरच्या दुकानांत दाखल झाला आणि भारतात मात्र तो आला नाही. ज्यांनी आगाऊ पैसे भरून मागणी नोंदविली होती त्यांचे पैसे परत करण्यात येतील असे कळविण्यात आले, आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या प्रकाशक कंपनीकडून खुलासा झाला तो एवढाच की, येथील अश्लीलताविषयक कायद्यांचा भंग होऊ नये म्हणून हा खेळ भारतातील विक्रीतून मागे घेतला आहे. कोणते कलम, कोणते दृश्य, कोणाची हरकत, यांपैकी कशाचाही तपशील त्या खुलाशात नव्हता. न्यायालयाने मनाई फर्मावली नव्हती, सरकारने जप्तीचा हुकूम काढला नव्हता, रस्त्यावर मोर्चा निघाला नव्हता. व्यापाऱ्याने आपल्या मनाशीच भय कल्पिले, त्या भयाला कायद्याचे नाव दिले आणि माल परत फिरविला.

मागोमाग सर्वत्र जो तर्क झाला तो असा की, या खेळातील काही पात्रे समलिंगी आहेत आणि खेळणाऱ्याला त्यांच्याशी प्रेमसंबंध जुळविण्याची मुभा आहे, हेच या माघारीचे कारण असावे. कारण अवघ्या अकरा महिन्यांपूर्वी, 11 डिसेंबर 2013 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने सुरेशकुमार कौशल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाचा 2009 चा निकाल फिरवून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे भारतीय दंडविधानाचे कलम 377 पूर्ववत उभे केले होते. हा तर्कच आहे, त्याला कंपनीच्या कबुलीची जोड नाही, हे येथे स्पष्ट नमूद केले पाहिजे. परंतु खून, शिवीगाळ आणि नग्ननृत्याचे अड्डे यांची जेथे रेलचेल आहे तो ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’चा पाचवा भाग त्याच काळात याच देशातील दुकानांत उघड विकला जात होता, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या तर्काला निराधार म्हणून झटकून टाकणे अवघड जाते.

सोयाबीनचा भाव, मोर्शी-वरुडकडील संत्र्याची गळ आणि अकोल्याचे पाणी असे प्रश्न समोर असताना परदेशी खेळातील कल्पित प्रेमप्रकरणांचा हा ऊहापोह वऱ्हाडातील वाचकाने का वाचावा, असा आक्षेप येणार हे मी जाणतो, आणि त्याचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो. अमरावतीच्या राजापेठेतील किंवा अकोल्याच्या जठारपेठेतील ज्या घरात आज एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अभ्यासाची वेळ संपल्यावर संगणकापुढे बसतो, त्या घरात कादंबरी क्वचितच शिरते आणि नाटक वर्षाकाठी एखादेच पाहिले जाते. माणसाच्या मनाचे गुंते उलगडून दाखविण्याचे जे काम आपल्या पिढीसाठी ह. ना. आपट्यांपासून तेंडुलकरांपर्यंतच्या लेखकांनी केले, ते त्या मुलासाठी पुष्कळ अंशी हे खेळ करीत आहेत. म्हणून त्या खेळांत कोण माणूस म्हणून वावरतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवले जाते, हा प्रश्न करमणुकीचा नसून साहित्याचा आहे, आणि म्हणूनच समाजाचाही आहे.

ज्यांचा या प्रकाराशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. ‘रोल-प्लेइंग’ म्हणून जे खेळ ओळखले जातात त्यांत खेळणारा एक पात्र धारण करतो. त्याचे नाव, रूप, स्त्री की पुरुष हे तो स्वतः ठरवितो. आणि मग शे-दीडशे तास चालू शकणाऱ्या एका दीर्घ कथेत पावलोपावली त्याच्यापुढे प्रश्न उभे राहतात, ज्यांची दोन-चार संभाव्य उत्तरे पडद्यावर उमटतात आणि त्यांतील एक त्याला निवडावे लागते. गाडगेबाबांच्या कीर्तनात बाबा श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत सवाल टाकीत आणि श्रोत्यांकडूनच जबाब वदवून घेत, त्यामुळे ऐकणारा नुसता ऐकणारा राहत नसे. या खेळांचेही सामर्थ्य त्याच जातीचे आहे. कथेतील साथीदारांशी मैत्री, वैर किंवा प्रेम जडविणे हे असेच एका निवडीमागून दुसरी निवड करीत घडते, आणि त्यांतील प्रेमाच्या वाटांना खेळणारी मंडळी ‘रोमान्स ऑप्शन’ म्हणतात.

परकायाप्रवेशाची ही रीत आपल्याला अपरिचित आहे असे कोणी म्हणू नये. वऱ्हाडच्या दंडारीत मिशा काढून लुगडे नेसलेला कास्तकार रात्रभर नायिका होऊन नाचत आलेला आहे. बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी पाहण्यासाठी आपल्या आजोबांनी बैलगाड्या जुंपल्या. आणि ज्ञानदेवांच्या विरहिण्यांत तर पुरुष कवी स्त्रीच्या अंतःकरणाने विठ्ठलासाठी झुरतो, आणि त्या विरहिण्या म्हणणाऱ्या वारकऱ्यांना त्यात यत्किंचितही विपरीत वाटत नाही. दुसऱ्याचे मन आपल्या देहात वागवून पाहणे ही आपल्याकडे भक्तीची आणि करमणुकीची प्रतिष्ठित वहिवाट आहे. नवे आहे ते इतकेच की, पूर्वी प्रेक्षकांच्या वतीने नट जे करीत असे ते आता प्रेक्षक एकट्याने, आपल्या खोलीत, कोणी न पाहता करतो. या एकांताचे महत्त्व पुढे येईल.

या खेळांत समलिंगी प्रेमाला वाट कशी मिळत गेली, याचा इतिहास त्रोटकपणे सांगण्याजोगा आहे. 1998 च्या ‘फॉलआउट 2’मध्ये, पुष्कळशा विनोदाच्या अंगाने का होईना, समलिंगी विवाह शक्य होता. पुढे कॅनडातील बायोवेअर या संस्थेने 2005 च्या ‘जेड एम्पायर’मध्ये अशी वाट गंभीरपणे आखली, 2007 च्या ‘मास इफेक्ट’मध्ये ती केवळ स्त्री-नायिकेपुरती, तीही परग्रहवासी प्रेयसीच्या आडोशाने ठेवली, आणि पुरुषाने पुरुषावर प्रेम करण्याची मुभा त्या मालिकेत मिळावयास 2012 चा तिसरा भाग उजाडावा लागला, ज्यात स्टीव्ह कॉर्टेझ नावाचा वैमानिक आपल्या मृत पतीचा शोक, कोणाही विधुराने करावा तसा, साध्या शब्दांत करताना दिसतो. या सगळ्या वाटचालीत एक संकोच सातत्याने जाणवतो: दोन स्त्रियांचे प्रेम बाजाराला लवकर मानवले, कारण त्यात पुरुष ग्राहकाच्या कुतूहलाची सोय होती, दोन पुरुषांचे प्रेम मात्र दीर्घकाळ उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहिले.

आणि मग 2014 मध्ये डोरियन पेव्हस आला, जो भारतात येऊ शकला नाही. डेव्हिड गेडर या लेखकाने घडविलेले हे पात्र टेव्हिंटर नामक एका जुन्या साम्राज्यातील खानदानी घराण्याचे आहे. तेथे अभिजनांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या कुळे पारखून सोयरिकी जुळवितात, आणि हेतू असा की, होणारी संतती अधिकाधिक बुद्धिमान व सामर्थ्यशाली निपजावी. डोरियन बुद्धिमान आहे, देखणा आहे, विद्वान मांत्रिक आहे. घराण्याला साजेशी मुलगीही त्याच्यासाठी ठरविलेली आहे. आणि तो हे लग्न करू इच्छित नाही, कारण त्याचे मन पुरुषांकडे ओढ घेते. खानदानात अशी माणसे यापूर्वी झालीच नाहीत असे नाही. परंतु त्यांनी लग्न करावे, वंश चालवावा आणि बाकीचे झाकून न्यावे, हा तेथला दस्तूर. डोरियनला झाकून जगणे नको आहे. तेव्हा ज्या पित्याने त्याला आयुष्यभर रक्ताच्या जादूचा तिटकारा शिकविला, तोच पिता, घराण्याच्या अब्रूखातर आणि स्वतःच्या समजुतीने मुलाच्या हितासाठी, त्याच निषिद्ध जादूने मुलाचे मन पालटविण्याचा घाट घालतो. मुलगा ते ओळखून घर सोडतो. पुढे एका खाणावळीत बाप-लेकांची भेट घडवून आणली जाते, ती देखील खोटे निमित्त सांगून. आणि त्या भेटीत मुलगा बापाला जे सुनावतो त्यात क्रोधापेक्षा दुखावलेल्या मायेचाच अंश मोठा आहे. भेट अर्ध्यावर सोडून निघून जावे, की बापाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असा सल्ला त्याला देण्याची पाळी येथे खेळणाऱ्यावर येते.

ही गोष्ट ऐकून वऱ्हाडातील कोणत्या घराला ती परक्या मुलखातील वाटेल? उपवर-वधू परिचय मेळाव्यांच्या जाडजूड पुस्तिका, त्यांतील शिक्षण, नोकरी, शेतीचे एकर आणि मामेकुळ यांचे रकाने, काका-मामांच्या बैठका, पाहुण्यांपुढे येणारे पोहे, आणि ‘आता वय झाले, एकदा पाहून तर घे’ हे आर्जव, या सर्व व्यवहारात जो मुलगा किंवा जी मुलगी ‘मला हे लग्न नको’ म्हणते, तिच्या नकाराला कारण विचारले जाते. आणि खरे कारण सांगता येण्याजोगे नसेल तर नकारही टिकत नाही. मग नवस होतात, अंगारे होतात, वैद्यांची औषधे होतात, आणि त्याहून सुशिक्षित घरांत समुपदेशनाच्या नावाखाली मन पालटविण्याचे उपाय होतात. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये समलैंगिकता हा आजार नव्हे असे जाहीरपणे सांगितले, मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये अशा तथाकथित उपचारांना प्रतिबंध करण्याचे आदेश दिले, आणि 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ते व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तथापि घराच्या माजघरात हे आदेश पोहोचतात त्याच्या कितीतरी आधी लग्नाची तारीख निघालेली असते, आणि एका फसवणुकीतून दोन जिवांचे, किंबहुना दोन कुटुंबांचे, आयुष्य नासलेले असते. ज्या मुलीचे लग्न अशा मुलाशी लावले जाते तिचा या सगळ्यात काय अपराध, हा प्रश्न तर बैठकीत कोणी काढीतच नाही.

म्हणजे अवघ्या जगात ज्या देशातील बापांना आणि मुलांना ही कथा सर्वाधिक ओळखीची वाटली असती, त्याच देशाच्या वाट्याला ती आली नाही. तिच्यात उघड्या देहाची काही दृश्ये आहेत, ती स्त्री-पुरुषांचीही आहेत, आणि म्हणूनच अमेरिकेत सतरा व युरोपात अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती नाही असा शिक्का तिच्यावर आहे. परंतु तिचा गाभा घरगुती आहे. डिसेंबर 2014 मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’ या सोहळ्यात त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळ म्हणून तिचा गौरव झाला, तेव्हा अकोल्यातील ज्या खेळाडूला ती हवी होती त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: तिच्याविना राहणे, अथवा चोरवाटेने ती मिळविणे. प्रामाणिक ग्राहकाला शिक्षा आणि चोराला मोकळीक, असा हा न्याय.

आता कायद्याच्या अंगाने या प्रकरणाची शहानिशा करू. दंडविधानाचे कलम 292 अश्लील वस्तूची विक्री दंडनीय ठरवीत असे, परंतु त्याच कलमात शास्त्र, साहित्य, कला यांच्या हितार्थ केलेल्या प्रकाशनाला अपवाद होता. अश्लीलता कशी ओळखावी याविषयी आपली न्यायालये दीर्घकाळ 1868 च्या एका इंग्रजी खटल्यातील कसोटीवर विसंबून होती. आणि नेमक्या 2014 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने अवीक सरकार प्रकरणात ती कसोटी मोडीत काढून, समकालीन समाजाच्या दृष्टीने, संपूर्ण कृतीचा विचार करून निर्णय घ्यावा असे सांगितले. म्हणजे कंपनीने ज्या कायद्याचा धाक घेतला तो त्याच वर्षी अधिक उदार झालेला होता. धाक कायद्याहून जुना होता, आणि त्याची रुजुवात कोठेही झाली नाही.

तुलनेसाठी सिंगापूरचे उदाहरण घ्यावे. 2007 च्या नोव्हेंबरात तेथील सरकारी नियंत्रकांनी ‘मास इफेक्ट’वर, त्यातील एका स्त्रीच्या व परग्रहवासी स्त्रीरूपाच्या प्रणयदृश्यामुळे, रीतसर बंदी घातली, त्यावर चर्चा झाली, टीका झाली, आणि काही दिवसांतच अठरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असा शिक्का मारून तो खेळ विक्रीस मोकळा करण्यात आला. ती बंदी मला मान्य नाही, पण तिला नाव होते, तारीख होती, जबाबदार अधिकारी होते, आणि म्हणून ती मागे घेता आली. आपल्याकडे 1998 मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ चित्रपटाचे झाले तेही काहीसे असेच: सेन्सॉर मंडळाने संमती दिलेला चित्रपट मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले करून बंद पाडण्यात आला, तो मंडळाकडे परत गेला, आणि पुढल्या वर्षी एकही दृश्य न कापता पुन्हा पडद्यावर आला. हुकूम असेल तर अपील असते, दंगल असेल तर तिचा निषेध करता येतो. परंतु ज्या मनाईला हुकूमच नाही तिच्याविरुद्ध दाद कोणाकडे मागावी?

या प्रश्नाला महाराष्ट्राचा स्वतःचा असा एक पूर्वेतिहास आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक आपल्या कामजीवनाविषयीच्या शंका पत्राने विचारीत, आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता, शास्त्राच्या आधारे उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांविषयीच्या अशाच शंकांना उत्तरे दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. मासिक कामविषयाचे असता वाचकांनी त्याविषयी विचारले तर संपादकाने उत्तर देऊ नये काय, हा त्यांच्या प्रतिवादाचा आशय होता. खटला ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. तरीदेखील त्या दिवशी न्यायालयात युक्तिवाद झाला, आणि समलैंगिकतेचा उच्चार करण्याचा अधिकार या देशातील एका थोर कायदेपंडिताने गणवेश चढवून मागितला, याची नोंद कायमची झाली.

त्या मासिकाला पत्र धाडणारा वाचक आणि या खेळांत उत्तर निवडणारा तरुण यांची गरज एकच आहे, असे मला वाटते. दोघांनाही जे विचारावयाचे आहे ते घरात विचारता येत नाही, मित्राला विचारावे तर गावभर होते, आणि शिक्षकाला विचारण्याची प्रथा नाही. समलिंगी व्यक्तींसाठी काम करणारी ‘समपथिक’ ही संस्था पुण्यात 2002 मध्ये उभी राहिली, नागपुरात ‘सारथी’ आहे. परंतु मूर्तिजापूर, अंजनगाव किंवा दर्यापूरच्या मुलाला तेथवर जाण्यासाठी आधी स्वतःशी काही कबूल करावे लागते, आणि ती कबुली कल्पित पात्राच्या तोंडून प्रथम देऊन पाहणे हा त्याला मिळणारा सर्वात सुरक्षित एकांत आहे. आणि ज्याचा या विषयाशी व्यक्तिशः काही संबंध नाही असा मुलगा, डोरियनच्या बाजूने त्या खाणावळीत उभा राहून त्याला धीर देतो, तेव्हा उद्या आपल्या वसतिगृहातील खोलीसोबत्याने काही सांगितले तर काय बोलावे याची तालीम तो नकळत करीत असतो.

विरोधी पक्षाचे म्हणणेही नीट ऐकले पाहिजे. लहान मुलांच्या हाती प्रौढांचे खेळ पडू नयेत, ही पालकांची चिंता रास्त आहे. परंतु तिचा उपाय वयाचा स्पष्ट शिक्का आणि पालकांची देखरेख हा आहे, आणि तो स्त्री-पुरुषांच्या प्रणयदृश्यांना व बंदुकीच्या रक्तपातालाही सारखाच लागू व्हावा. हे प्रकार खेळणाऱ्यावर लादले जातात, हा दुसरा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. अशा वाटा बहुधा तोच उघडतो जो त्या निवडतो. तिसरा आक्षेप असा की हे सारे पाश्चात्त्यांचे खूळ आहे; त्याला उत्तर एवढेच की, कलम 377 हे मात्र निःसंशय पाश्चात्त्यांचे होते, 1860 च्या दंडविधानातून इंग्रजी अंमलाबरोबर आलेले; आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेजसिंग जोहर प्रकरणात प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ते रद्द करून आपल्याच न्यायालयाने ते ओझे उतरविले.

मला स्वतःला जो आक्षेप विचारार्ह वाटतो तो वेगळा, आणि खेळांच्या चाहत्यांकडूनच आलेला आहे. 2011 च्या ‘ड्रॅगन एज 2’मध्ये प्रमुख चारही साथीदार, खेळणारा पुरुष असो वा स्त्री, त्याच्यावर प्रेम करावयास तयार असतात, आणि 2023 मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ या बेल्जियममधील संस्थेच्या गाजलेल्या खेळातही हीच सढळ रीत आहे. त्यात कोणाला निराश व्हावे लागत नाही, ही सोय खरीच, आणि ज्याला इतरत्र कोठेच होकार मिळालेला नाही त्याच्या लेखी तिची किंमत मोठी आहे. परंतु जे पात्र मागेल त्याला होकार देते त्याला स्वतःचे असे मन असते काय? डोरियनची थोरवी अशी की, स्त्री-नायिका त्याच्याशी लाडीगोडी करू लागली तर तो हसून तिला नकार देतो, आणि तरी तिचा जिवलग मित्र राहतो. नकार देता येणे हे स्वत्वाचे पहिले लक्षण होय. पर्यायांची यादी वाढविणे हा प्रतिनिधित्वाचा आरंभ आहे. ज्याच्या आयुष्याला खेळणाऱ्याच्या इच्छेपलीकडे अर्थ आहे अशी व्यक्ती निर्माण करणे हे त्याचे प्रयोजन. आणि जी गोष्ट कल्पित पात्राला आपण देऊ इच्छितो, ती परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेतील रक्तामांसाच्या मुला-मुलींना आधी दिली पाहिजे, हे ओघानेच येते.

या दहा-अकरा वर्षांत पुष्कळ काही पालटले आहे. ‘बाल्डर्स गेट 3’ भारतात उघडपणे विकत घेता येतो, आणि त्यामुळे कोणाची संस्कृती बुडाल्याचे दिसले नाही. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने रचलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा 2016 चा खेळ तर कास्तकाराच्याच पोराने खेळावा असा आहे: आजोबांनी ठेवलेले शेत, ऋतूंप्रमाणे पिके, गावातील शेजारी, आणि लग्नासाठी बारा जण, ज्यांत सहा पुरुष व सहा स्त्रिया, कोणीही कोणाशी विवाह करावा. त्या शेतावर पीककर्जाचा बोजा नाही, सावकार नाही, आणि शेतकरी नवरा नको म्हणणारी वधूही नाही, हे पाहून वऱ्हाडी माणसाला क्षणभर हसू आणि पाठोपाठ विषाद वाटल्यावाचून राहणार नाही. परंतु शेती करणारा मुलगा दुसऱ्या मुलाबरोबर संसार थाटू शकतो आणि गाव त्यांच्या लग्नाला हजर राहते, ही कल्पना इतक्या शांतपणे मांडलेली मी अन्यत्र पाहिली नाही. प्रत्यक्षात मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या सुप्रियो प्रकरणातील निकालात समलिंगी विवाहाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडे सोपविलेला आहे, आणि तो तेथे पडून आहे.

या सगळ्यात मराठी कोठे आहे? नाट्यक्षेत्रात विजय तेंडुलकरांनी 1981 मध्ये ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणण्याचे धैर्य दाखविले आणि रोहिणी हट्टंगडी यांनी त्यातील समलिंगी नायिका मित्रा उभी केली. पण त्या मित्राचा शेवट आत्मनाशात झाला. सचिन कुंडलकरांच्या 2006 च्या ‘कोबाल्ट ब्लू’ या कादंबरीत मात्र समलिंगी पात्र जगते, दुखावते आणि पुढे चालू लागते. पंचवीस वर्षांत मराठी साहित्याने टाकलेले हे पाऊल लहान नव्हे. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 2020 मध्ये ‘राजी’ हा खेळ रचून, आपल्या पुराणांतून आणि वास्तुशिल्पांतून जागतिक दर्जाची कृती निर्माण करता येते हे सिद्ध केले. कसब आहे, कथाही आहेत. अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरसाल बाहेर पडणारी मुले संगणकावर काय करू शकतात, हे पुण्या-बंगळुरूच्या कंपन्या जाणतातच. उणीव आहे ती या विषयावर आपल्या भाषेत, आपल्या घरांची आणि सोयरिकींची पार्श्वभूमी घेऊन लिहिणाऱ्या लेखकांची, आणि तसे लिहिले तर ते मागे घ्यावे लागणार नाही या भरवशाची.

तो भरवसा देण्यासाठी अवघड असे काही करावे लागत नाही. चित्रपटांना जसे मंडळ आहे तसे व्हिडिओ गेमना नाही; 2025 मध्ये ऑनलाइन खेळांसाठी केंद्राने जो कायदा केला त्याचा रोख मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. सेन्सॉर मंडळाची जड यंत्रणा खेळांच्याही मानेवर बसवावी असे मी म्हणणार नाही. पण वयानुरूप वर्गीकरणाची एक स्पष्ट, लेखी आणि सर्वांना सारखी लागू होणारी पद्धत असावी, म्हणजे व्यापाऱ्याला भीतीपोटी अंदाज बांधावे लागणार नाहीत. आणि एखाद्या कंपनीने कायद्याच्या नावाखाली एखादी कृती या देशातून मागे घेतली तर तिने कलम व दृश्य यांचा तपशील प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. आमच्या कायद्याचे नाव घेऊन आम्हाला काही नाकारले जात असेल, तर तो कायदा खरोखर तसे सांगतो काय हे पडताळून पाहण्याचा अधिकार या देशाच्या नागरिकाला आहे.

राहिला प्रश्न घरांचा, ज्यांना कोणताही कायदा वर्गीकरणाचा शिक्का मारू शकत नाही. डोरियनचा पिता दुष्ट नाही. तो प्रेमळ आहे, आणि त्याच्या हातून घडलेला अपराध त्या प्रेमातूनच घडलेला आहे, हे त्या कथेतील सर्वात कटू आणि सर्वात खरे निरीक्षण होय. आपल्याकडील बापही बहुधा असेच असतात: पोटच्या लेकरासाठी हाडाची काडे करणारे, आणि त्या लेकराने निराळे काही मागताच ते बदलून टाकण्याची खटपट करणारे. 2018 च्या निकालाने शासनसंस्थेला या मुला-मुलींच्या खाजगी आयुष्यातून बाहेर काढले. आता कुटुंबसंस्थेने पुढाकार घेऊन त्यांना आत घ्यावयाचे आहे. मुलाने लग्नाला नकार दिला तर त्यामागचे कारण त्याने सांगावे असे वातावरण ठेवणे, सांगितल्यावर त्याला मांत्रिकाकडे वा वैद्याकडे न नेणे, आणि त्याचा नकार डावलून दुसऱ्या घरच्या मुलीचे आयुष्य पणाला न लावणे, एवढी तीन पथ्ये अमरावती-अकोल्यातील सुशिक्षित कुटुंबांनी जरी पाळली, तरी कोणत्याही खेळापेक्षा अधिक उपकार होतील.